नवा राउटर ब्राउझरमधून लावताना कधी एक पान उघडतं, कधी दुसरंच

खळ्यातलो_माड (मालवण तालुका)

नमस्कार मंडळी. घरी फायबरचं कनेक्शन आहे, १०० एमबीपीएसचं. कंपनीचा डबा, म्हणजे ओएनटी, पडवीत भिंतीवर लावलाय. घर जुनं, चिऱ्याचं. माजघराच्या पलीकडे वायफाय पोचत नाही. मागच्या बाजूला साधारण २५ मीटरवर पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, मध्ये माड-पोफळी. तिथे तर काहीच मिळत नाही. म्हणून नवा ड्युअल-बँड राउटर आणला. एक जुना राउटरही पडून आहे, चालू स्थितीतला.

ओएनटीच्या लॅन-१ मधली केबल नव्या राउटरच्या पिवळ्या पोर्टात घातली. खालच्या स्टिकरवर पत्ता १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाकला की कधी कंपनीच्या डब्याचं पान उघडतं, कधी नव्या राउटरचं, आणि बरेचदा नुसतं चक्र फिरत राहतं. मोबाइलवर टाकला तर गूगलचे निकाल दिसतात. लॅपटॉपला नेट मध्येच मिळतं, मध्येच जातं. राउटर खराब आहे की माझं काही चुकतंय?

दुसरं म्हणजे, पाहुण्यांचं वायफाय आमच्यापासून वेगळं हवं. घरचा संगणक आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर त्यांना दिसता कामा नये. कसं करावं ते वायच सविस्तर सांगा. आणि पावसाच्या आधी काय काळजी घ्यायची तेही.

---

पाखाडी_१०१ (रत्नागिरी)

राउटर चांगला आहे, केबल चुकीच्या पोर्टात आहे.

पिवळी पोर्टं लॅनची, म्हणजे घरातल्या नेटवर्काची. तिथे ओएनटीची केबल घातली की दोन्ही डबे एकाच नेटवर्कात आले. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आणि दोघेही घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायला बसलेले. एका गावाला दोन खोत. लॅपटॉपने 'हा पत्ता कोणाचा' असं विचारलं की जो आधी उत्तर देईल त्याचं पान उघडतं. नवा राउटर गेटवे (बाहेर जायचा दरवाजा) म्हणून मिळाला तर नेट नाही, कारण त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून नेट घ्यायच्या जागेत, काहीच नाही. ओएनटी मिळाला तर नेट चालू. तुमचं 'मध्येच मिळतं, मध्येच जातं' ते हेच.

आता क्रमाने करा. घाई केली तर पुन्हा तिथेच याल.

ओएनटीकडून आलेली केबल नव्या राउटरमधून काढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो एका छोट्या केबलने नव्या राउटरच्या पिवळ्या पोर्टाला जोडा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवा आणि 'डीफॉल्ट गेटवे' समोर काय आलंय ते पाहा. स्टिकरवरचा पत्ता दिसायला हवा. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. मग केबल पाहा, राउटर पूर्ण सुरू व्हायला दोन मिनिटं द्या.

ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना आकडे आणि टिंबं इंग्रजी कीबोर्डवरूनच हवीत. मी इथे मराठीत लिहितोय म्हणून तसेच टाकू नका. पत्ता शोधाच्या चौकटीत न टाकता वरच्या पट्टीत टाका. तरी शोधच होत असेल तर आधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरक्या रेघा स्वतः लिहा, एस न लावता. मोबाइलवरून करायचं तर मोबाइल डेटा बंद ठेवा. राउटरच्या वायफायला अजून नेट नसतं, त्यामुळे फोन गुपचूप डेटावर उडी मारतो आणि पान उघडतच नाही. व्हीपीएन बंद ठेवा. काही कंपन्या आकड्यांऐवजी नावाचा पत्ता देतात. फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' चालू असेल तर तो चालत नाही, आकडी पत्ता चालतो.

पान उघडलं की पहिल्यांदा अ‍ॅडमिनचा पासवर्ड ठरवायला सांगेल. हा राउटरच्या पानाचा पासवर्ड, वायफायचा वेगळा. दोन्ही एकच ठेवू नका, नाहीतर ज्याला वायफाय दिलं त्याच्या हातात किल्ल्याही दिल्या. त्यानंतर 'क्विक सेटअप' पुढे येतो आणि नेट शोधायला लागतो. तूर्त तो वगळा.

आधी लॅनचा पत्ता बदला. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये नेटवर्क, त्यात लॅन. नावं कंपनीगणिक थोडी इकडेतिकडे असतात. १९२.१६८.१.१ च्या जागी १९२.१६८.५०.१ करा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० तसाच. ५० च का? काही खास नाही, १ नको एवढंच. मात्र १९२.१६८ ला हात लावू नका. १९२.१६९ वगैरे मनाने टाकलं तर तो बाहेरच्या जगातला पत्ता होतो.

सेव्ह केलंत की पान अडकेल. इथे बहुतेकजण घाबरून रीसेट दाबतात. पान अडकणारच, कारण ज्या पत्त्यावर तुम्ही बसलात तो पत्ता आता राहिला नाही. लॅपटॉपची केबल काढून पुन्हा घाला, म्हणजे त्याला नव्या ओळीतला पत्ता मिळेल, आणि १९२.१६८.५०.१ उघडा.

आता ओएनटीची केबल निळ्या पोर्टात, ज्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलंय. वॅनचा प्रकार 'डायनॅमिक आयपी' निवडा. इथे दुसरी चूक होते: कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड हाताशी असतं म्हणून लोक पीपीपीओई निवडून ते भरतात. ते लॉगिन तुमच्या ओएनटीमध्ये आधीच झालंय, नाहीतर पडवीत नेट आलंच नसतं. पीपीपीओई राउटरमध्ये भरायचं ते फक्त ओएनटी ब्रिज मोडमध्ये (स्वतः लॉगिन न करता नेट नुसतं पुढे देणारा) असताना, आणि ते काम कंपनीकडून करून घ्यावं लागतं. तसं केलंच तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवा (पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट खातं), आणि जुनं सत्र तुटायला पाच-दहा मिनिटं थांबा. पण तुम्हाला त्याची गरज नाही.

स्टेटसच्या पानावर वॅन आयपी १९२.१६८.१ ने सुरू होणारा काहीतरी दिसला की झालं. ०.०.०.० दिसत असेल तर केबल नीट बसलेली नाही किंवा पुन्हा चुकीच्या पोर्टात आहे.

मग किरकोळ कामं. वेळेचा पट्टा अधिक ५:३० करा, नाहीतर मुलांचं नेट रात्री दहाला बंद व्हायचं ते भलत्याच वेळी होईल. फर्मवेअर नवं असेल तर घ्या, ते सुरू असताना वीज जाणार नाही अशी वेळ बघून. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरचं पान उघडायची सोय) बंद, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडायची सोय) बंद. शेवटी बॅकअपमध्ये जाऊन सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

आणि ओएनटीच्या मागचं पिनहोल रीसेट दाबू नका. राउटरचं दाबलं तर अर्धा तास जातो. ओएनटीचं दाबलं तर कंपनीची नोंदणी आणि लॉगिन पुसलं जाऊ शकतं, मग माणूस येईपर्यंत बसा.

पाहुण्यांसाठी जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करा: त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.२, डीएचसीपी (पत्ते वाटणं) बंद, नव्या राउटरच्या लॅनमधून केबल काढून त्याच्याही लॅनमध्येच. वॅन रिकामं.

---

पोफळीच्या_सावलीत (गुहागर)

वरचं सगळं बरोबर, शेवटचा परिच्छेद सोडून. तसं केलंत तर पाहुणे थेट घरच्या नेटवर्कात येतील. अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे नुसती लांबवलेली तार. मध्ये भिंत नाही. पाहुण्याच्या लॅपटॉपवरून डीव्हीआरचं लॉगिन पान उघडेल. जुन्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेलही, पण साध्या राउटरमध्ये ते अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये घरचं नेटवर्क अडवतच नाही. पडद्यावर टिकमार्क दिसतो आणि आपण निर्धास्त.

बरं, मग जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट न करता राउटर म्हणूनच नव्याच्या मागे लावला तर? तेही उलट पडतं. आतल्या राउटरमागचा माणूस बाहेरच्या राउटरच्या नेटवर्कात बिनदिक्कत जाऊ शकतो. बाहेरच्याला मात्र आत येता येत नाही. रस्ता एकाच बाजूने उघडा असतो. म्हणजे पाहुण्यांना तुम्ही सगळ्यात आतल्या खोलीत बसवलंत, आणि घरचे ओटीवर.

तुमच्याकडे दोन राउटर आहेत, तर सरळ असं करा. ओएनटीच्या लॅन-१ मधून नवा राउटर, लॅन-२ मधून जुना. दोन्हींत केबल वॅनमध्ये, दोन्ही राउटर मोडमध्ये, दोन्हींत डायनॅमिक आयपी. नव्याचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१, जुन्याचा १९२.१६८.६०.१. विहीर एक, चुली दोन. घरचे पाहुण्यांच्या उपकरणांपर्यंत जात नाहीत, पाहुणे घरच्यांपर्यंत येत नाहीत. वेगळं काही विकत घ्यायला नको, आणि मोड उलटसुलट झाला म्हणून भगदाड पडलं असंही होत नाही.

पण ओएनटी दोघांच्या मध्ये उभा आहे आणि त्याचं १९२.१६८.१.१ चं पान दोन्हीकडून उघडतं. स्टिकरवरचा पासवर्ड आजच बदला. ओएनटीचं स्वतःचं वायफायही बंद करा. चालूच ठेवायचं असेल तर ते 'पाहुण्यांचं' समजा, घरचं काही त्याला जोडू नका.

कोणी म्हणेल याने डबल नॅट होतं, म्हणजे आतल्या पत्त्याचं बाहेरच्यात रूपांतर दोनदा. होतं. ब्राउझिंग, व्हिडिओ, व्हिडिओ कॉल, यूपीआय, कशालाच फरक पडत नाही. त्रास होतो तो पोर्ट फॉरवर्डिंगला (बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत वाट उघडायला) आणि काही ऑनलाइन खेळांना.

पाहुण्यांच्या राउटरमध्ये आणखी तीन गोष्टी. डीएचसीपीची लीज, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, १२० मिनिटं ठेवा. माणसं बदलत असतात, पत्ते अडकून राहत नाहीत. वायरलेसमध्ये 'एपी आयसोलेशन' चालू करा, म्हणजे एका खोलीतल्या पाहुण्याला दुसऱ्या खोलीतला दिसणार नाही. आणि बँडविड्थ कंट्रोलमध्ये एकूण मर्यादा घाला, १०० पैकी ४० पुरे.

---

खळ्यातलो_माड

दोघांचेही आभार. पोर्ट बदलल्यावर लगेच सुरळीत झालं. दोन्ही राउटर सांगितल्याप्रमाणे लावले. जुना अजून पडवीतच ठेवून बघतोय, केबल टाकायची आहे. वॅन आयपी १९२.१६८.१.३ आणि १.४ दाखवतंय.

दोन अडचणी. पाहुण्यांच्या राउटरमध्ये मर्यादा ४० टाकली तेव्हापासून गूगलसुद्धा उघडत नाही, काढली की चालतं. आणि मुंबईहून भावाला कॅमेरे दिसावेत म्हणून डीव्हीआरचं पोर्ट फॉरवर्ड केलं, राउटरमध्ये केलं, ओएनटीमध्येही केलं, तरी बाहेरून लागत नाही. ओएनटीच्या पानावर वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतोय.

---

पाखाडी_१०१

पोफळीवाल्यांचं बरोबर आहे. तुम्ही पाहुणे वेगळे हवेत असं स्पष्ट लिहिलं होतं, माझ्या वाचनातून निसटलं.

मर्यादेच्या चौकटीशेजारी एकक पाहा, केबीपीएस असणार. ४० केबीपीएस म्हणजे जुन्या डायलअपच्या वेगाच्या आसपास. ४० एमबीपीएससाठी ४०००० लिहायचे. डाउनलोड, अपलोड दोन्हीकडे.

कॅमेऱ्यांचं: १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपनीच्या आतल्या नॅटसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणजे तुमच्या ओएनटीलाच बाहेरच्या जगातला पत्ता नाही. एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक घरांत वाटून वापरते. तुम्ही कितीही पोर्ट उघडा, वेशीवरचा दरवाजा कंपनीच्या हातात आहे. दोन्ही जागची फॉरवर्डिंग काढून टाका, उगाच उघडी नकोत. बहुतेक डीव्हीआरमध्ये नेटवर्कच्या पानावर 'पीटूपी' किंवा 'क्लाउड' असतं. ते चालू करून निर्मात्याच्या अ‍ॅपमधून क्यूआर स्कॅन करा. तिथे डीव्हीआर स्वतःच बाहेर जोडणी करतो, त्यामुळे किती नॅट आहेत याला महत्त्व राहत नाही. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड मात्र आधी बदला. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेणं. त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि दोन कॅमेऱ्यांसाठी ते करावं असं मला वाटत नाही.

---

चिरेबंदी (देवगड)

वायरलेसच्या पानाबद्दल कोणी बोललं नाही. तुमची मूळ तक्रार तीच होती.

पहिलं, रीजन 'इंडिया' आहे का पाहा. बाहेरून मागवलेल्या राउटरमध्ये दुसरा देश असला की काही चॅनल यादीतच दिसत नाहीत.

२.४ गिगाहर्ट्झला चॅनलची रुंदी २० ठेवा, 'ऑटो' किंवा ४० नको. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच. ३ किंवा ८ घेतलं तर दोन्ही शेजाऱ्यांशी भांडण. वाडीत घरं लांब-लांब असतील तर कुठलंही चालेल, पण तुमच्याच आवारात आता दोन राउटर आहेत. घरचा १ वर, पाहुण्यांचा ११ वर. ५ गिगाहर्ट्झला रुंदी ८०, चॅनल ३६ किंवा १४९. ५२ ते १४४ या मधल्या पट्ट्यात राउटरला आधी रडार ऐकत थांबावं लागतं. त्यामुळे चालू झाल्यावर मिनिटभर ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसत नाही आणि लोक राउटर बिघडला म्हणतात.

सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस. 'टीकेआयपी' निवडलंत तर नव्या राउटरचाही वेग ५४ एमबीपीएसच्या जुन्या मापावर येतो, 'मिश्र' मध्येही काही उपकरणांचं तसं होऊ शकतं. कारण शोधताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, जुन्या राउटरमध्ये आवर्जून बघा. डब्ल्यूपीए३ घरच्या नव्या फोनांना चालेल. पाहुण्यांकडे कुठला फोन येईल सांगता येत नाही, तिथे डब्ल्यूपीए२ बरं.

'स्मार्ट कनेक्ट' बंद करून दोन बँडना वेगळी नावं द्या. वायफाय कॅमेरे आणि स्मार्ट प्लग बहुतेक २.४ वरच चालतात. एकच नाव असलं की जोडताना अडतात. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. देवनागरीत चालतं, पण जुने टीव्ही आणि प्रिंटर चौकोन दाखवतात.

आता भिंती. जांभा सच्छिद्र, लोहाने भरलेला, आणि आषाढात पाणी प्यायलेला. मे महिन्यात दोन भिंतींपलीकडे जे वायफाय मिळतं ते जुलैत मिळेलच असं नाही. ५ गिगाहर्ट्झ एका चिरेबंदी भिंतीनंतर थकतं, दोन भिंती म्हणजे संपलंच. म्हणून राउटर पडवीत ओएनटीशेजारी ठेवू नका. ओएनटी तिथेच राहू दे, १० मीटर केबल टाकून राउटर माजघरात, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, दरवाजांच्या रेषेत आणा. लहरी भिंतीपेक्षा दरवाजातून सहज जातात. लोखंडी कपाट, फ्रिज आणि आरशापासून लांब. देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर जागा असली तरी समईचा धूर आणि तेल जाळीत बसतं.

कुठे ठेवायचा ते अंदाजाने ठरवू नका. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून प्रत्येक खोलीत आकडा पाहा. हा सिग्नलचा जोर, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ डीबीएमपर्यंत व्हिडिओ सुरळीत, उणे ७५ ला रडतखडत, उणे ८० नंतर नावापुरतं. माडांमधून २५ मीटर पलीकडच्या खोल्यांसाठी रिपीटर घेऊ नका. ओल्या झावळ्या सिग्नल खातात, आणि साधा रिपीटर ऐकायला आणि बोलायला एकच चॅनल वापरतो, वेग निम्म्यावर. तार टाकायलाच हवी.

---

पोफळीच्या_सावलीत

तार टाकायचीच, पण तांब्याची नको. २५ मीटर अंतर कॅट-६ ला काहीच नाही, १०० मीटरपर्यंत चालते. प्रश्न विजेचा आहे. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास वीज पडली की दोन्ही जमिनींतल्या विद्युतदाबाचा फरक त्या केबलमधून धावतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जातात. रोहिणी-मृगाच्या आधीचा गडगडाट आणि परतीचा पाऊस हे दोन काळ सगळ्यात वाईट. भर पावसाळ्यात त्या मानाने कमी.

त्याऐवजी तयार टोकं लावलेली ४० मीटर फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची लॅन केबल जोडणारे छोटे डबे). काच वीज वाहून नेत नाही. बाहेरून टाकायची केबल आधाराला पोलादी तार नसलेली, एफआरपी (काचतंतू आणि प्लास्टिकच्या) सळीची मागा. पोलादी तारेचीच मिळाली तर घराबाहेर ती तार सोलून तोडा, आत फक्त फायबर न्या. कंपनीच्या ओएनटीकडे येणाऱ्या केबललाही हेच लागू. 'आमचं फायबर आहे, आम्हाला विजेची भीती नाही' म्हणणाऱ्यांचे डबे जातात ते एकतर या तारेमुळे, नाहीतर अ‍ॅडाप्टरमधून.

कन्व्हर्टर एका फायबरवर चालणारे असतील तर जोडी घ्यावी लागते, एक 'ए', एक 'बी'. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही एकाच वेगाचे हवेत, एक १०० चा आणि एक गिगाबिटचा असं जुळत नाही. कन्व्हर्टरला बहुतेक निळ्या टोकाचं फायबर लागतं. कंपनीच्या ओएनटीला असतं ते हिरवं टोक, त्याची काच तिरपी घासलेली असते. हिरवं निळ्यात बसतं, पण सिग्नल गळतो. घेताना रंग बघून घ्या.

भिंतीतून आत येण्याआधी प्रत्येक केबलला बाहेर खाली झोल द्या, पाणी तिथून ठिबकेल. केबल सरळ आत आली तर पागोळीचं पाणी तिच्यावरून थेट डब्यात. फायबर वळवताना लहान वेटोळं नको, मोठं असेल तितकं चांगलं.

खाऱ्या हवेत आरजे-४५ च्या (लॅन केबलच्या टोकाच्या) पिनांवर हिरवट थर चढतो. आधी गिगाबिटचं १०० वर येतं, मग तुटायला लागतं. वेगाच्या चाचणीत आकडा ९४ च्या वर कधीच जात नसेल तर जोडणी १०० वर उतरलीय असं समजा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. तुमचा प्लॅनच १०० चा आहे म्हणून हे चाचणीत कळणार नाही. राउटरच्या स्टेटसमध्ये पोर्टाचा वेग दिसतो, तिथे बघा. उपाय एकच, टोक कापून नवं क्रिंप करणं. घासून काही होत नाही.

ओएनटीच्या पानावर 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन' माहितीत येणारी पॉवर दिसते. आज कोरड्या दिवसात आकडा लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम म्हणजे ठीक. उणे २७ हा काठ, त्यापुढे लाल 'लॉस' दिवा. पावसात आकडा तीन-चारने घसरला तर बाहेरच्या जोडात पाणी शिरतंय. तक्रार करताना हे दोन आकडे सांगा, 'नेट स्लो आहे' म्हणू नका. फोनवरच्या माणसाला दुसरं काही सांगायला जागा राहत नाही.

विजेसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. आधी दोन्ही अ‍ॅडाप्टर वाचा. ओएनटी बहुधा १२ व्होल्टचा, जुना राउटर ९ व्होल्टचा असू शकतो. पिन एकसारखी असते म्हणून अदलाबदल झाली की ९ वाला जळतो. यूपीएसवरचे एमएएच हे सेलच्या ३.७ व्होल्टला असतात. १०४०० एमएएच म्हणजे साधारण ३८ वॉट-तास. ओएनटी आणि एक राउटर मिळून १२-१३ वॉट धरले आणि मधली गळती वजा केली तर अडीच तास. त्याहून जास्त लिहिलेलं असेल तर ते खोक्यावरचं गणित. गडगडाट सुरू झाला की मात्र यूपीएसही भिंतीतून काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, पिन बाहेर.

डबा बंद कपाटात ठेवू नका आणि पूर्ण उघडाही नको. त्याची ऊब मुंग्या आणि पालींना फार आवडते. मागच्या जाळीला बारीक मच्छरदाणीचा तुकडा लावला तरी भागतं.

---

खळ्यातलो_माड

४०००० केल्यावर पाहुण्यांचं नीट चाललं. डीव्हीआर अ‍ॅपमधून लागला. राउटर माजघरात नेला, मागच्या खोलीत उणे ८१ होता तो आता उणे ६३. फायबर आणि कन्व्हर्टरही टाकले, दोन्ही निळ्या टोकांचे, पण फायबरचा 'एफएक्स' दिवा लागत नाही. 'टीपी' दिवा दोन्हीकडे लागतोय. कन्व्हर्टरवर दोन्हींच्या मागे 'टीएक्स १३१०' छापलंय.

---

पोफळीच्या_सावलीत

दुकानदाराने दोन्ही 'ए' दिलेत. दोघेही १३१० वर बोलताहेत आणि १५५० वर ऐकताहेत. टीपी दिवा फक्त तांब्याच्या बाजूचा, तो लागणारच. एक परत करून 'टीएक्स १५५०' वाला आणा, त्याच वेगाचा. फायबर काढून ठेवाल तेव्हा टोकांना टोप्या लावा, आणि परत जोडण्याआधी कोरड्या, लव न सुटणाऱ्या कापडाने एकदाच एका दिशेने पुसा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ काचेवर बसते.